जुनी ऐरण पाहिजे

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून ही वही. लेकीचं फर्मान आहे. काल फोनवर म्हणाली, "आई, बाबांच्या तक्रारी रोज मला ऐकवण्यापेक्षा लिहून काढत जा. मला कामं असतात." बरं बाई. कागद निदान मध्येच तोडत तरी नाही.

तर तक्रार अशी. आमच्या ह्यांनी नोव्हेंबरात नोकरी सोडली. डब्यांची झाकणं दाबून काढणाऱ्या कारखान्यात उभा जन्म गेला. लोक निवृत्त झाले की फिरायला जातात, कुंड्या रंगवतात, नाहीतर बायकोच्या पायात पायात करतात. हे मागच्या पडवीत भट्टी घालणार आहेत. लोहारकामाची! "एक जुनी ऐरण घेतो, पंखा घेतो, चार सांडशा घेतो," चहा पिता पिता जाहीर केलं, जणू कोपऱ्यावरून मीठ आणायचंय.

मागची पडवी म्हणजे कुठली, तर जिथे माझ्या पडद्यांच्या कापडाचे तागे रचलेले असतात ती. मी ओट्याशी भांडी विसळत होते. विचारलं, "आणि माझे तागे कुठे जायचे?"

हे म्हणाले, "हो हो, मजबूत बघूनच घेणार."

विषय टाळण्यात ह्यांचा हात कोणी धरणार नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज समोर बसवून, डोळ्यात डोळे घालून विचारलं, की हा खटाटोप कशासाठी? तेव्हा मात्र उत्तर सरळ आलं. म्हणाले, "रोज हजारो झाकणं निघायची. त्यातलं एक तरी मी केलं असं म्हणता येईल का? मशीननं केलं. मी पेडल दाबलं. एखादा आकडा, एखादी कडी, काहीतरी माझ्या हातानं वाकवलेलं पाहिजे."

 मी म्हटलं, करा. पण तागे काळे झाले तर गाठ माझ्याशी आहे.

१० फेब्रुवारी, सोमवार

ऐरण आली. हातगाडीवरून, दोन हमाल, वर हे स्वतः मागून ढकलत. निळीशार रंगवलेली. तोळेशेठकडून आणली. तोळेशेठ म्हणजे नाक्यापलीकडचा भंगारवाला. गंजका खिळासुद्धा तोळ्यामाशाच्या तोऱ्यात विकतो म्हणून सगळे त्याला तसं म्हणतात. ह्यांनी मला न विचारता, भाव न करता, सांगितले तेवढे मोजून दिले. आकडा इथे लिहीत नाही, माझ्याच वहीत मला घेरी येईल.

मी म्हटलं, "रंग का लावलाय? रंगाखाली काय काय लपवतात लोक." तोवर हे पाठ करून पडवीत निघालेसुद्धा.

संध्याकाळी पहिला हातोडा घातला. दुसरा घातला. तिसऱ्याला ऐरणीचं शिंग, म्हणजे पुढे निमुळतं टोक असतं ते, कडाक्कन तुटून माझ्या जांभळ्या ताग्याजवळ येऊन पडलं. तुटलेली बाजू राखाडी, रवाळ. लोहारकामातलं मला ओ की ठो कळत नाही, पण बिडाचा तवा हातातून पडून फुटला की आतून कसा दिसतो हे मला चांगलं ठाऊक आहे.

११ फेब्रुवारी, मंगळवार

तोळेशेठकडे गेलो. तुटलेलं शिंग पिशवीत घालून मीच नेलं, ऐरण मागून हातगाडीवर.

तो वर आमच्यावरच तापला. "ताई, मी साहेबांना चारदा सांगितलं, बिडाची आहे, बिडाची आहे, बागेत शोभेला ठेवा. साहेब मान डोलवून हो हो म्हणाले. पोरं साक्षीला आहेत."

हे म्हणाले, "खोटं. हा म्हणाला दोन पिढ्यांची आहे. पिढ्यांची! मी आपल्या कानांनी ऐकलं."

दुकानात मागे गॅस कटर चालू होता, कानठळ्या बसत होत्या, आणि हे दोघं बिडाची–पिढ्यांची, बिडाची–पिढ्यांची करत एकमेकांवर ओरडत होते. मला कळेना खोटारडा कोण. शेवटी मी निम्मे पैसे परत घेतले आणि ती निळी बया त्याच्याच दारात टाकून आलो. तोळेशेठ चेहऱ्यावरून लबाड वाटत नाही, हीच तर लबाडाची खूण. म्हणजे खोटं तोच बोलला. कारण हे हट्टी आहेत, विसराळू आहेत, पण खोटारडे नाहीत.

येताना ठरवलं. पुढची प्रत्येक वस्तू घ्यायला मी सोबत जाणार. माझी तिन्ही शिलाई मशीनं मी जुनी घेतली आहेत आणि एकानेही दगा दिलेला नाही. जुनी वस्तू आणि नवीन सूनबाई, दोघींना आल्या आल्या कामाला लावून बघावं, असं माझी सासू म्हणायची. अर्धं खरं होतं.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज ह्यांनी मला शिकवलं. शिकवताना माणूस बदलतो. एरवी ताकास तूर लागू देत नाहीत, आज दीड तास बोलले.

ऐरण बघायची ती अशी. आधी माथ्यावर पट्टी उभी धरायची. मध्ये उजेड दिसला तर माथा खपलाय. मग पोलादी गोळी. ह्यांच्याकडे बेअरिंगमधली एक आहे, बोराएवढी. वीतभर उंचीवरून ती सोडायची. पोलाद चांगलं असेल तर गोळी उसळून जवळजवळ हातात परत येते. मऊ असेल तर दोनदा टपटप करून बसते. माथ्यावर सगळीकडे सोडून बघायची, कारण वेल्डिंग करून भरलेली जागा रंगाने फसवते, गोळीला फसवता येत नाही. आणि शेवटी हातोडीने हलकेच वाजवायची. अखंड ऐरण घंटेसारखी वाजते. आत चीर असेल तर मुकी राहते.

"तुम्ही त्या निळीला का नाही वाजवलंत?" मी विचारलं.

"वाजवली होती की."

"मग?"

हे गोळी पुसत बसले. नेहमीचंच. अडचणीचा प्रश्न आला की कानात बोळे.

२० फेब्रुवारी, गुरुवार

पन्नास पडद्यांची ऑर्डर अंगावर आहे आणि मी आज कुठे होते? एका बंद पडलेल्या सुतारकामाच्या शेडमध्ये, पोटावर झोपून, एका व्हाइसच्या खाली तोंड घालून. ह्यांना पायाचा व्हाइस हवाय, म्हणजे लोखंड पकडून धरणारा शिकंजा, ज्याचा एक पाय जमिनीत रोवतात, म्हणजे घाव घातला तरी हलत नाही. जबडे छान होते. पण मी दांडा फिरवून बघितला तर स्क्रू मध्येच घसरतो. आटे झिजलेले. एका शिलाई मशीनचा असाच घसरत होता, तेही मी घेतलं नव्हतं. मालक म्हणाला, तेल घाला. मी म्हटलं, तेल दाताला लावून दात उगवतात का? नाही घेतला.

दोन हातोडे मात्र घेतले. एकाचा दांडा हलत होता, ते चालतं, दांडा बदलता येतो. लोखंडात दांड्याच्या भोकापाशी केसाएवढी चीर असेल तर घ्यायचा नाही. तिसरा त्यासाठीच नाकारला. चीर ह्यांना नाही दिसली, मला दिसली. सुईत दोरा ओवणारे डोळे आहेत माझे.

हे सगळं मी का करतेय, मला समजत नाही. उद्यापासून बंद.

२३ फेब्रुवारी, रविवार

सांडशा पाच. चार ठीक, एकीचे ओठ जुळत नाहीत, पण ह्यांना ती सरळ करता येईल म्हणे. मालकाने पाचांचे सांगितले, मी चारांचे दिले. त्यातली लांब दांड्याची मला आवडली. हाताला भार बरोबर लागतो.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

आज लिहूच नये असं वाटतंय. लिहिते तरीही.

दुपारी लेकीचा फोन आला तेव्हा मी पडदे पोचवायला गेले होते. ह्यांनी उचलला. तिने बापाला सांगितलं की ठरलेलं लग्न मोडलं. तिकडच्यांनी मोडलं, काल रात्री, चार ओळींचा निरोप पाठवून. रडत सांगितलं. आणि हा माणूस काय म्हणाला? म्हणाला, "वा वा! छान झालं. फार छान. आई आली की सांगतो."

आणि फोन ठेवून दिला.

हे मला तिने रात्री सांगितलं. आधी नुसते हुंदके. मग म्हणाली, "आई, त्यांना तो आवडत नव्हता हे मला माहीत होतं. पण इतकं?"

मी बाहेर आले तर हे त्या वाकड्या सांडशीवर कानस फिरवत बसलेले. मी जे तोंडाला येईल ते बोलले. लग्न मोडलं पोरीचं, आणि तुम्ही छान म्हणता? काळीज आहे का बिडाचं? माझं सगळं बोलणं ते माझ्या तोंडाकडे बघत ऐकत होते. 'मोडलं' म्हटल्यावर एकदम पांढरे पडले. "मोडलं?" म्हणाले, "मला वाटलं…"  कानस खाली ठेवली आणि पडवीत जाऊन दार लावून घेतलं.

म्हणजे वर नाटकं. दुपारी ऐकलं ते रात्री नव्याने कळलं का?

१ मार्च, शनिवार

लेक ह्यांच्याशी बोलायला तयार नाही. हे तिला फोन करायला तयार नाहीत. मी म्हटलं, निदान चूक झाली एवढं तरी सांगा तिला. तर म्हणाले, "फोनवर नको." मग कशावर? कबुतर पाठवता?

५ मार्च, बुधवार

काही नाही. घरात दोन माणसं आणि एक भिंतीवरचं घड्याळ. सगळ्यात जास्त तेच बोलतं.

१५ मार्च, शनिवार

ऐरण सापडली. मी शोधत नव्हते, हे आधी नमूद करते. एका बाईंकडे खिडक्यांची मापं घ्यायला गेले होते, बोलता बोलता त्यांनी सांगितलं, ट्रकच्या स्प्रिंगचे पाटे बनवायचं त्यांचं गॅरेज बंद होतंय, जागा विकलीय. मी टेप गुंडाळायची थांबले. "पाटे बनवायचे म्हणजे… ऐरण असेल?" "आहे की. तोळेशेठ वजनावर मागतोय. मी म्हटलं, भंगाराच्या तिप्पट दे नाहीतर चालू लाग."

बाईंचा नवरा नव्हे, बाई स्वतः ते गॅरेज चालवायच्या. पंजा बघूनच कळतं.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. दोन आठवड्यांत पहिल्यांदा चेहरा हलला. मी अजून रागावलेलीच आहे. पण राग एका जागी आणि ऐरण एका जागी.

१६ मार्च, रविवार

आजचं नीट लिहून ठेवायला हवं.

गॅरेज अर्धं रिकामं झालेलं. ऐरण कोपऱ्यात, एका जाड ओंडक्यावर, ओंडक्यात निम्मी रुतलेली. काळी, तेलकट, रंगबिंग काही नाही. मी पट्टी धरली. मध्ये अगदी दोऱ्याएवढा उजेड. एका कडेचे टवके गेलेले, दुसरी कड शाबूत. टवके मी बाईंना दाखवले, म्हणजे भावात धरता येतील. बाई म्हणाल्या, "हो, ते माझेच. शिकताना उडवलेत."

मग ह्यांनी गोळी सोडली. गोळी अशी उसळली की ह्यांनी ती वरच्या वर झेलली. पुन्हा सोडली, कोपऱ्यात, मध्ये, टाचेकडे. सगळीकडे तेच. ह्यांचे डोळे लहान मुलासारखे झाले होते.

मग बाईंनी हातोडी दिली. ह्यांनी ऐरणीवर हलकेच मारली.

मी काय सांगू! टण्ण असा आवाज झाला आणि तो थांबेचना. बारीक होत होत, वर पत्र्यात, माझ्या दातांत, सगळीकडे. दारात झोपलेलं कुत्रं उठून बसलं.

हे खाली वाकले होते. पुन्हा मारली. पुन्हा तोच आवाज. हे सरळ झाले, तोंड पडलेलं. म्हणाले, "मुकी आहे. आत चीर असणार. राहू द्या."

बाई आधी हसल्या. मग चिडल्या. "साहेब, भाव पाडायला लोक गंज दाखवतात, टवके दाखवतात. ही नवीनच तऱ्हा. मुकी म्हणे! चार घरं पलीकडे ऐकू जाते ती."

हे माझ्याकडे वळले. "उसळी इतकी छान आहे, मग वाजत का नाही?" अगदी प्रामाणिकपणे विचारत होते. हिशेब लागत नसल्यासारखे.

ऐरण तेव्हासुद्धा वाजत होती. थोडीशी उरली होती. मला ऐकू येत होती, बाईंना येत होती, कुत्र्याला येत होती.

मी हातोडी घेतली आणि ह्यांच्या पाठीमागे गेले. ह्यांना न दिसेल अशी मारली. बाईंनी कानावर हात ठेवला. ह्यांची पाठ हललीसुद्धा नाही.

मग माझ्या डोळ्यांसमोर एक एक येऊ लागलं. काय काय ते लिहीत नाही. लिहिलं तर सगळी वही भरेल.

बाई हुशार. बाहेर गेल्या, कुत्र्यालाही घेऊन गेल्या. मी समोर येऊन उभी राहिले, उजेडात, आणि हळूहळू म्हटलं, "अहो, वाजतेय ती. छान वाजतेय."

ह्यांनी माझं तोंड वाचलं. मी वाचताना पाहिलं. इतक्या वर्षांत मला वाटायचं, हे माझ्याकडे रोखून बघतात ते रागाने.

ते उलट्या ठेवलेल्या एका टायरवर बसले. म्हणाले, "परत मार."

मी मारली.

"वाजतेय?"

"हो."

ते माझ्याकडे बघत राहिले. "अजून?"

"अजून."

"अजून?"

"अजून," मी म्हटलं. खरंच वाजत होती.

भाव बाईंनी सांगितला तोच दिला. टवके मी विसरलेच. घासाघीस न करता जुनी वस्तू घेण्याची आयुष्यातली ही पहिली वेळ, आणि आता रात्री त्याचीही चुटपुट लागलीय, हे विशेष.

१७ मार्च, सोमवार

आज बोलले. किती वर्षांपासून ते त्यांनाच माहीत नाही. प्रेसच्या धडाक्यात हळूहळू गेलं. आधी पक्षी गेले, मग घड्याळाची टिकटिक, मग बायकांचे आणि मुलांचे आवाज. पुरुषांचे जाडे आवाज अजून येतात, पण मध्ये मध्ये भोकं पडलेले, कसर लागलेल्या कापडासारखे. भोकं आपल्या मनाने भरायची आणि मान डोलवायची.

"माझ्या निरोपाच्या कार्यक्रमात साहेब भाषण करत होते," हे म्हणाले. "सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या म्हणून मी पण वाजवल्या. नंतर कळलं, माझंच कौतुक चाललं होतं. स्वतःच्या कौतुकाला उभा राहून टाळ्या वाजवणारा मीच."

मला हसूही आलं आणि नकोही झालं.

"आणि पोरीचा फोन?"

"तारीख ठरली असं वाटलं. आवाज ओला होता, मला वाटलं आनंदानं."

मी संतापले. अजून संतापलेलीच आहे. "परत विचारायचं! तोंड नव्हतं का?"

"दोनदा विचारलं की लोक म्हणतात, जाऊ दे, काही नाही." मग म्हणाले, "तू पण म्हणतेस."

म्हणते. खरंय.

लेकीला आत्ताच फोन करून सांगते म्हटलं, तर माझा हात धरला. "तू नाही. मी सांगीन." कधी सांगाल? तर पुन्हा, "मी सांगीन." हट्ट तेवढा ऐकू येणाऱ्या माणसासारखाच आहे.

२४ मार्च, सोमवार

कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे. काचेच्या खोलीत बसवलं, आवाज ऐकू आला की बटण दाबा म्हणाल्या. मी बाहेरून बघत होते. इतका वेळ ह्यांचा अंगठा हललाच नाही की मला वाटलं मशीन बिघडलंय. तसं विचारलंही. बाईंनी नुसतं माझ्याकडे पाहिलं.

दोन्ही कानांना मशीनं लागणार. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं सांभाळायचं. मग ह्यांनी स्वतःहून भट्टीचं सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं. "ऐरणीवर घाव घालणार? या कानांनी?"

हे उठायलाच लागले. आणि कोणीतरी म्हणालं, "दिवसातून थोडाच वेळ? कानांवर आवाज अडवणारी जाडी बोंडं लावून, मशीनं काढून ठेवून? आणि पडवीच्या पत्र्याला आतून जाड कापड मारलं तर? माझ्याकडे तागेच्या तागे आहेत."

बघते तर मीच. आता ऐरण घेऊन बसलोय, ती काय कुंडी ठेवायला? म्हणून बोलले, बाकी काही नाही.

बाईंनी बरंच समजावलं आणि शेवटी अटी घालून मान हलवली.

२ एप्रिल, बुधवार

मशीनं आली आणि ड्रॉवरमध्ये गेली. "किरकिर करतात. भांड्यांचा आवाज डोक्यात जातो." मग नाही जाणार? इतकी वर्षं ती भांडी माझ्या एकटीच्या डोक्यात जात होती! पालथ्या घड्यावर पाणी. ज्या मशीनांना ऐरणीइतके पैसे मोजले त्यांना ड्रॉवरमध्ये झोपवलंय, आणि ऐरणीला मात्र रोज फडक्याने पुसतात.

आज भांडण झालं. मी ओरडले की पोरगी तिकडे एकटी बसलीय, महिना झाला, आणि तुम्हाला भांड्यांचा त्रास होतो. ओरडले म्हणून ऐकू आलं असेल. फडकं घेऊन पडवीत गेले.

६ एप्रिल, रविवार

सकाळी उठले तर हे नाहीत. छोटी बॅग नाही. चहाच्या कपाखाली चिठ्ठी, "तिच्याकडे जातोय. संध्याकाळच्या बसनं परत."

ड्रॉवर उघडून बघितला. रिकामा.

बस बदलावी लागते. दुसऱ्या बसची घोषणा भोंग्यावरून होते. ह्यांना कळणार कशी? दिवसभरात एक पडदा शिवला, तोही उलटा. उसवला.

७ एप्रिल, सोमवार

लेकीचा फोन. हे रात्री उशिरा आले होते आणि न बोलता झोपले, म्हणून हे सगळं मला तिच्याकडूनच कळलं.

दार उघडलं तर बाबा. तिने आत घेतलं, पण बोलली नाही. पाणी दिलं, पाठ करून ओट्याशी उभी राहिली. तर म्हणाले, "तिथून नको. इथे समोर बस, उजेडात." ती बसली. मग त्यांनी कानातलं मशीन बोटाने दाखवलं. "त्या दिवशी तू काय सांगितलंस ते मला ऐकू आलं नव्हतं. एक शब्दही नाही. आता परत सांग. सगळं. मध्ये कळलं नाही तर मी विचारणार."

"आणि आई, त्यांनी विचारलं गं. दर दोन वाक्यांना. काय म्हणालीस, परत सांग, कोण म्हणालं, कधी म्हणालं. मी आधी चिडले. मग एकच गोष्ट तीन-तीनदा सांगताना मला वाटायला लागलं, अरे, इतकी काही मोठी नाहीये ही गोष्ट. रडून झालं माझं. मग बाबा म्हणाले, तो मला आवडत नव्हता हे खरं आहे. आणि आम्ही दोघं हसत सुटलो."

बसचं काय केलंत, मी ह्यांना दुपारी विचारलं. शेजारच्या माणसाला सांगितलं म्हणे, मला कमी ऐकू येतं, गाडी लागली की सांगा. एवढंच.

एवढंच! आणि मी दिवसभर इथे मेले होते.

१९ एप्रिल, शनिवार

भट्टी पेटली. लेक कालच आलीय, चार दिवस राहणार. पडवीच्या पत्र्याला आतून माझं जांभळं कापड, चार पदरी. चांगलं विकलं गेलं असतं.

भट्टीला वारा घालायचा पंखा लेक फिरवणार, सांडशी ह्यांच्या हातात, आणि मोठा घण कोणी मारायचा? लेकीला उचलेना. दोघं माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, मला पडदे आहेत. मग उचलला.

ह्यांनी मशीनं काढून डबीत ठेवली, आम्ही तिघांनी कानांवर बोंडं चढवली. बोलणं बंद. पण लोहारकामात बोलावं लागत नाही म्हणे. ह्यांच्या हातात छोटी हातोडी. ते ज्या जागी टकटक करतील तिथे मी घण घालायचा, आणि त्यांनी हातोडी ऐरणीवर आडवी टाकली की थांबायचं. आकडा करायची सळई नारिंगी होऊन बाहेर आली. टक, घण. टक, घण. सळईचं टोक पसरू लागलं, पिठासारखं मऊ. खांद्यातून कळ गेली, घाम डोळ्यांत, आणि मला थांबावंसं वाटेना.

म्हणून ह्यांनी हातोडी आडवी टाकली ती मला दिसलीच नाही. मी आणखी एक घातला. आकड्याचं टोक चेपून पार चमच्यासारखं झालं.

ह्यांनी ओरडायला तोंड उघडलं. मी आधी ओरडले. काय काय बोलले ते आता आठवतही नाही. नीट खूण करता येत नाही का, मी काय डोळे तुमच्या हातोडीवर चिकटवून ठेवू का, पन्नास पडदे बाजूला टाकून इथे घाम गाळतेय त्याचं काही नाही, आणि बरंच. कोणालाच ऐकू येत नव्हतं. लेक पंखा सोडून हसत खाली बसली.

ह्यांनी सांडशी खाली ठेवली. बोंडं काढली, डबी उघडली, एक मशीन कानात बसवलं, मग दुसरं. सगळं सावकाश, नीट. मग माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"काय म्हणालीस? परत सांग."

मी बोंडं काढली. दम लागला होता.

"लोखंड गार होतंय," मी म्हटलं. "परत आत घाला."